सरळ समोरचं शेत

लाल दिव्याला एल्डन क्रूसने गाडी थांबवली आणि समोर पाहिलं, तर विमानाचा पंख. पिकअपला जोडलेल्या लांब ट्रेलरवर तो जुन्या गादीवर आडवा निजवला होता, वर फुलाफुलांची गोधडी बांधली होती आणि मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं लावलं होतं. वाऱ्याने ते फडकं एल्डनच्या गाडीच्या नाकासमोर हलत होतं. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला बँक, फुटपाथवर कुत्र्याला ओढत नेणारी एक बाई. पंखाकडे कोणी बघत नव्हतं. विमानाचा शोध लावणारे भाऊ याच डेटनचे, इथे विमानाचं कोणाला काही वाटत नाही. एल्डन मात्र बघत राहिला. सगळी नोकरी त्याने याच शहरात बस चालवण्यात काढली होती, या दिव्याला तो झोपेतसुद्धा थांबला असता आणि निघाला असता, आणि आज दिवा हिरवा झालेला त्याला कळला नाही. मागच्याने हॉर्न दिला. पिकअपमध्ये दोन डोकी दिसत होती, एक टोपीतलं आणि एक करड्या केसांचं. वेंडेल हॉक आणि त्याची बायको मार्वा. म्हणजे वेंडेलचं विमान पुरं झालं होतं, घरच्या गॅरेजमधून निघून धावपट्टीवर चाललं होतं, आणि हे एल्डनला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. घरी विमान बांधणाऱ्या लोकांत ते गॅरेजबाहेर काढायचा दिवस लग्नघरासारखा असतो. क्लबातले सगळे येतात. कोणी खाली लोंबणाऱ्या तारा काठीने वर धरतो, कोणी कोपऱ्यावर उभा राहून रहदारी अडवतो, कोणी नुसताच बिअर पीत सल्ले देतो. एल्डनच्या बायकोचं, नॅडीनचं, विमान निघालं तेव्हा पोस्टमनसुद्धा पिशवी खाली ठेवून हात लावायला आला होता, आणि हाच वेंडेल पुढे चालत झाडांच्या फांद्या बाजूला करत होता. आज तो शनिवारच्या सकाळी बायकोला शेजारी बसवून चोरासारखा एकटाच पंख नेत होता. क्लबला सांगितलं असतं तर एल्डनच्या कानावर गेलं असतं, म्हणून. नॅडीन गेल्यापासून हेच चाललं होतं. तो कॉफीच्या टेबलाशी आला की इंजिनांच्या गोष्टी थांबायच्या आणि बेसबॉलच्या सुरू व्हायच्या. कोणीतरी खुर्ची पुढे सरकवायचा. त्याला त्या खुर्चीचा राग यायचा. शेजारच्या सीटवर आता त्याचं सामान पडलं होतं, पावाची अर्धी लादी, दोन केळी आणि डुकराच्या मांसाचा एक तुकडा, जो दुकानदाराला पाकीट फोडून वेगळा द्यायला सांगावा लागतो, कारण ते दोन-दोनच्याच पाकिटांत बांधतात. घरी जायला उजवीकडे वळायचं होतं. तो वळला नाही. पंखाच्या मागोमाग सरळ गेला.

वेंडेल अंड्यांची टोपली नेत असल्यासारखा चालला होता. दिवे लावलेले, वेग नाही, आणि मागे एल्डन, त्यानेही नकळत दिवे लावलेले. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि टोपी छातीशी धरली. मयताच्या गाड्या अशाच दिवे लावून हळू जातात, त्याला वाटलं मयत चाललंय. एल्डनने त्याला हात केला. दुसरं काय करणार. नॅडीनच्या वेळी अशा पुष्कळ गाड्या थांबल्या होत्या, आणि प्रत्येक टोपी त्याने मोजल्यासारखी बघितली होती, कारण पुढे बघायचं नव्हतं. नॅडीन दातांच्या प्रयोगशाळेत होती. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या कवळ्या बनवल्या, केसाएवढी फट राहिली तर माणसाला जेवता येत नाही असं ती म्हणायची. पन्नाशी उलटल्यावर एकदा दोघं सहज कुठल्या विमानांच्या जत्रेला गेले होते, तिथे गवतात उभ्या असलेल्या एका छोट्या दोन सिटांच्या विमानाच्या पोटाखाली ती वाकली आणि बराच वेळ बाहेरच येईना. एल्डनने विचारलं काय गं, तर म्हणाली, याची शिवण बघ, हे कोणीतरी घरी केलंय. हिवाळ्यात विमानाच्या सुट्या भागांची लाकडी खोकी आली. एल्डनने स्वतःची गाडी गॅरेजमधून काढून रस्त्यावर लावली, ती पुढे बर्फात आणि उन्हात तिथेच गंजली. उडायला मात्र नॅडीन आधीच शिकली होती, त्याला न सांगता, गुरुवारी संध्याकाळी. तो समजत होता ती चर्चमधल्या गाण्याला जाते. तेव्हा त्याला हसू आलं होतं. तिला लपवता येतं हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खिळ्यासारखी मेख, ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेची हातोडी लावतो, दुसरा पत्र्याच्या आतल्या बाजूने पोलादी ठोकळा दाबून धरतो, म्हणजे रिव्हेटची शेपटी ठोकळ्यावर चेपली जाते आणि पत्रा धरून बसते. मधे पत्रा असतो, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. हातोडीआधी ठोकळा जागेवर नसेल तर पत्र्याला पोचा येतो आणि तो जन्माचा राहतो. म्हणून विचारायचं. ती बाहेरून म्हणायची, "हं?" आणि तो पंखाच्या पोटात हात घालून, मान वाकडी करून म्हणायचा, "हं." मग धडधड, मग दात आंबल्यासारख्या हातभर झिणझिण्या, मग पुढचा. काही हजार वेळा त्यांनी एकमेकांना हे एवढंच विचारलं होतं. लग्नाच्या पहिल्या वीस वर्षांत ते दोघं मिळून जेवढं बोलले नसतील तेवढं त्या पत्र्याच्या दोन बाजूंनी बोलले, असं त्याला वाटायचं. त्याला उडायचं कधीच नव्हतं. उंचीवर त्याच्या तळपायांना घाम यायचा. तो ठोकळा धरायला तिथे असायचा, आणि ती म्हणायची, बसचा ड्रायव्हर चांगला, हात हलत नाही. तोच ठोकळा आता गाडीच्या समोरच्या खणात होता. कडा तिने घासून आरशासारख्या केल्या होत्या. अंत्यविधीच्या दिवशी त्याने तो कोटाच्या खिशात घेतला होता, का ते त्याला सांगता आलं नसतं, आणि परत येताना खणात टाकला तो तिथेच होता. आता गाडी खड्ड्यावरून गेली की तो आत आपटायचा.

मग टाक्या आल्या. पेट्रोलची टाकी पंखातच असते, आणि तिचा प्रत्येक सांधा एका करड्या चिकट लुकणाने बुजवावा लागतो, ज्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. घरभर तो वास. नॅडीनच्या केसांत ते लुकण गेलं, निघेना, तेव्हा तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने केस कानापर्यंत कापले आणि आरशात बघून म्हणाली, बरं दिसतंय की. क्लबात सगळ्यांना त्या लुकणाचा तिटकारा, वेंडेल तर म्हणायचा, टाकी संपवून घरात आलो तर मार्वाने मला परसातच पाइपने धुतलं. त्या लुकणाचा एक कण, कोथिंबिरीच्या दाण्याएवढा, कुठल्यातरी सांध्यातून सुटला आणि पेट्रोलच्या नळीत जाऊन बसला, आणि पहिल्याच उड्डाणात इंजिन बंद पडलं. कवळीत केसाएवढी फट न ठेवणाऱ्या बाईच्या हातून. अपघाताच्या चौकशीवाल्यांनी तो कण काचेच्या बाटलीत घालून एल्डनला दाखवला होता. त्याने बघितला. त्याला त्या कणाचा राग आला नाही. कण कोणाच्याही हातून सुटतो. आयुष्यात माणसाला सगळ्याच फटी कुठे दिसतात. राग त्याला पुढच्या गोष्टीचा होता.

पुढची गोष्ट अशी की ही माणसं उडायला शिकताना पहिल्यांदा जे शिकतात त्यात हे असतं: उड्डाण केल्याकेल्या इंजिन बंद पडलं तर मागे वळायचं नाही. धावपट्टी मागे असते, सपाट असते, ओळखीची असते, म्हणून ओढ लागते. पण तेवढ्या उंचीवर वळता वळता वेग मरतो, पंख विमान पेलायचं सोडतो आणि नाक खाली जातं. तेव्हा सरळ जायचं, समोर जे असेल त्यात, शेतात, कुंपणात, तळ्यात. विमान मोडतं, माणूस बहुधा चालत बाहेर येतो. एल्डनला हे नॅडीननेच समजावलं होतं, जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली हलवून. मिठाची बाटली वळताना आडवी पडली आणि मीठ सांडलं, आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. त्या दिवसापासून तो तिला कधीही गाठायचा. ती भांडी पुसत असली की मागून म्हणायचा, "बंद पडलं." ती न वळता म्हणायची, "सरळ." ती दात घासत असायची, "बंद पडलं," आणि ती तोंडातल्या फेसातून, "सरळ." अर्ध्या झोपेत तिचे गार पाय त्याच्या पोटरीला लागलेले, आणि तो अंधारात म्हणायचा, "बंद पडलं." "सरळ रे बाबा. झोप." धावपट्टीच्या टोकाला सोयाबीनचं शेत होतं. ती त्या शेताच्या मालकाकडे जाऊन, शेतात पाय ठेवून, जमीन बघून आली होती. तो म्हणाला होता, ये की, बीन्स मोडल्या तर तुझ्या नवऱ्याकडून वसूल करीन. सगळं ठरलेलं होतं. आणि ती वळली. पत्र्यापलीकडून काही हजार वेळा खरं बोललेली बाई या एका शब्दात खोटं बोलली होती. दुसरा अर्थच नव्हता. इतकी वर्षं तिने ते विमान केलं, एकेक शिवण, केस कापून, आणि जेव्हा प्रश्न आला की हे शेतात टाकू का, तेव्हा तिच्याने टाकवेना. भाड्याच्या विमानातला माणूस असता तर कधीच गेला असता बीन्समध्ये. बाहेर येऊन पँट झटकली असती. तिला वाटलं वाचवेन. विमान वाचवेन. एल्डन क्रूस नावाचा माणूस हँगरपाशी उभा आहे हे त्या हिशेबात कुठे आलं होतं?

तिच्या विमानात समोर एक पट्टी चिकटवलेली होती. ती नियमाने लावावीच लागते, बसणाऱ्याला दिसेल अशी: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि कारखान्याच्या विमानांचे सुरक्षेचे नियम याला लागू होत नाहीत, सावध राहा. ती चिकटवताना नॅडीन म्हणाली होती, ही आपल्या झोपायच्या खोलीच्या दारावर लग्नाच्या दिवशी लावायला हवी होती. तेव्हा आपणही हौशीच होतो. तो हसला होता. पट्टी बसणाऱ्यासाठी होती, आणि बसायला तर कोणाला परवानगी नव्हती. नवीन विमान सुरुवातीला कित्येक तास एकट्यानेच उडवायचं, शेजारची सीट रिकामी, हाही नियमच. मरायचं तर एकाने मरावं. नियम चांगला आहे, एल्डन त्याविरुद्ध काही बोलला नसता. पण रात्री नाही, भर दुपारी, दुकानात रांगेत उभा असताना, त्याच्या मनात यायचं की मी त्या रिकाम्या सीटवर असतो तर? तळपायांना घाम, डोळे मिटलेले, पण असतो तर? ती वळली असती का? एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं आणि सांगणारं कोणी नव्हतं. कधी त्याला वाटायचं, नसती वळली, मला घेऊन गेली असती बीन्समध्ये. कधी वाटायचं, तरीही वळली असती. या दुसऱ्या विचाराने तो इतका चिडायचा की एकदा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सर, काही चुकलं का. आणि वेंडेल अंत्यविधीला त्याचा खांदा धरून म्हणाला होता, आवडतं काम करताना गेली रे, असं मरण किती जणांना मिळतं. आवडतं तर तिला पाय माझ्या पोटरीला लावून झोपणंही होतं. ते करताना का नाही गेली? हे तो बोलला नाही. मान हलवली आणि हॅम सँडविच खाल्लं.

शहर संपलं. दोन्ही बाजूंना मका कापून झालेला होता, खुंट उभे होते, लांब कुठेतरी कापणी यंत्र धूळ उडवत होतं. या रस्त्याने तो वर्षभर आला नव्हता. विमानं ठेवायचा हँगर तसाच होता, दाराचा खालचा पत्रा वाकलेला. वेंडेलने ट्रेलर उभा केला, खाली उतरला, आणि मागे एल्डनची गाडी बघून त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"तू होय," तो म्हणाला. "मी मघापासून म्हणतोय, मागे हा कोण मयताच्या चालीने येतोय."

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो. त्याचे कान लाल झाले. पलीकडून मार्वा उतरत होती, ती म्हणाली, "तुला जीभ दिलीय का फावडं, वेंडेल?" मग ती एल्डनजवळ आली आणि त्याच्या कोटाची कॉलर उगाचच नीट केली. ती शाळेच्या खाणावळीत स्वयंपाक करायची, माणूस दिसला की काहीतरी नीट करायची. तुला कळवायचं ठरलं होतं, असं तिने सांगितलं, पण शब्द सापडेनात. एल्डन म्हणाला, बरं झालं, मलाही सापडले नसते. वेंडेल म्हणाला, आलाच आहेस तर टोक धर.

पंख हलका असतो. बघणाऱ्याला वाटतं केवढा, आणि तिघं सहज उचलतात. एल्डनने टोक धरलं, मार्वाने मधे, वेंडेल मुळाशी, आणि ते छोटी छोटी पावलं टाकत हँगरमध्ये गेले, जिथे विमानाचं धड आधीच आणून ठेवलेलं होतं, पांढरं, लाल पट्ट्याचं. हँगरमध्ये तोच वास होता. अंड्यांचा. धुऊन, रंगवून, वाळवूनही उरलेला. पंख घोडीवर ठेवल्यावर वेंडेल एका डोळ्याने त्याच्या लांबीभर बघू लागला, जशी काही माणसं नवीन सुनेकडे बघतात, आणि मग त्याला राहवेना. हात फिरव, तो एल्डनला म्हणाला. एल्डनने फिरवला. तळहाताला रिव्हेटांची ओळ लागली, एकही वर नाही, एकही खाली नाही. काम चांगलं होतं. वेंडेल म्हणाला, नॅडीनच्या तोडीचं झालंय असं मी म्हणणार नाही, पण. आणि त्या पणमध्ये तो इतका सुखी होता की एल्डनला त्याची भीती वाटली. हा माणूस त्याला फारसा आवडत नव्हता. पण तो उद्या नाही तर पुढच्या महिन्यात या पंखाखाली बसून त्या टोकाकडे धावत जाणार होता, आणि मार्वा मग दुकानात जाऊन मांसाच्या पाकिटातला एक तुकडा वेगळा मागणार होती.

"बंद पडलं," एल्डन म्हणाला.

"काय?"

"इंजिन. चाकं आत्ता सुटलीत. झाडांच्या दुप्पट उंचीवर आहेस. बंद पडलं."

"सरळ," वेंडेल लगेच म्हणाला. "नाक खाली, सरळ, बीन्समध्ये. अरे, हे काय मला विचारतोस?"

तोच वेग. दात घासता घासता तोंडातल्या फेसातून आल्यासारखा. एल्डन बाहेर गेला, गाडीच्या खणातून ठोकळा घेतला आणि परत आला. त्याच्या डोक्यात त्या वेळी बस होती. नवी बस मिळाली की पहिला आठवडा ड्रायव्हर तिला फुलासारखी नेतो, वळणावर जीव मुठीत. मग कुठेतरी खांबाला घासते, पहिला पोचा पडतो, आणि त्या दिवसापासून ती बस होते, तिला बससारखी चालवता येते. कुठे मारायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. पंखाच्या टोकाला काचतंतूंची एक टोपी असते, नुसती आकारासाठी, तिच्यावर कसलाही भार येत नाही. ती फुटली तरी विमान उडतं. त्याने ठोकळा उचलला आणि त्या टोपीवर घातला. अंडं फुटल्यासारखा आवाज झाला आणि पांढऱ्या रंगावर वीतभर तडा गेला, त्यातून करडं आतलं दिसू लागलं.

वेंडेल ओरडेल, अंगावर येईल, असं त्याला वाटलं होतं. तशी त्याने तयारीही केली होती. वेंडेल गुडघ्यांवर बसला, त्याचे गुडघे कडकडले, त्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि तड्यावरून हळूहळू फिरवली. एल्डनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. का मारलंस, असं विचारलं नाही. "निघेल," तो म्हणाला. "कापड आणि राळ लावली की निघेल हा. निघेल." पडलेल्या लेकराशी बोलावं तसा तो त्या टोपीशी बोलत होता. एल्डन हातात ठोकळा घेऊन उभा राहिला. त्याला कळलं की बसचं गणित इथे चालत नाही. तडा गेल्यामुळे ते विमान वेंडेलला जरा जास्तच आवडू लागलं होतं.

मार्वा ट्रेलरच्या कडेवर बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं, एल्डनचा हात आणि नवऱ्याचा अंगठा.

"वेंडेल, मी शेजारी बसलेय. बंद पडलं."

वेंडेलने वर पाहिलं. तो उठून हँगरच्या दाराशी आला आणि धावपट्टीच्या टोकाकडे बघू लागला, जिथे बीन्स वाळून तपकिरी झाल्या होत्या आणि अजून कापायच्या होत्या. तो खरोखर बघत होता, बांध कुठे, नाला कुठे, तार कुठे. कदाचित पहिल्यांदाच. "तू असलीस तर तिथे," तो म्हणाला आणि बोट दाखवलं. "त्या खांबाच्या डावीकडे. त्यात विचार कसला."

"आणि एकटा असलास तर?"

"एकटा असलो तरी..." वेंडेल म्हणाला. मग त्याचा अंगठा पुन्हा तड्याकडे गेला. "मार्वा, उगाच कशाला," तो म्हणाला आणि वाक्य पुरं केलं नाही.

एल्डनला एवढं तरी उत्तर मिळालं होतं, एका जिवंत माणसाच्या तोंडून, त्याच्या बायकोसमोर. त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. बाहेर यंत्राची धूळ जरा जवळ आली होती. मार्वाने हात मांडीवर पुसले, तिच्या हाताला काही लागलेलं नसताना, आणि उठली.

"एल्डन, ते तुझं नारिंगी जाकीट आहे का रे अजून? शिकाऱ्यांचं?"

होतं. त्या दिवसापासून गाडीच्या डिकीत होतं.

"मला दे," ती म्हणाली. "हा उडेल त्या दिवशी मी इथे सगळ्यांसारखी खुर्ची टाकून फोटो काढत बसणार नाही. मी तिकडे जाऊन उभी राहीन, बीन्सच्या बांधावर, त्या खांबाच्या डावीकडे. बंद पडलं तर तो कुठे जाईल? माझ्याकडेच येईल ना."

वेंडेल म्हणाला, मधे उभी राहू नकोस, तुलाच उडवीन. ती म्हणाली, तू कडेने ये, आयुष्यभर कडेनेच आलायस. आणि वेंडेल हसला, नाक पुसत.

एल्डन गाडीपाशी गेला आणि त्याने डिकी उघडली. जाकीट बॅटरीच्या तारांखाली चुरगळून पडलं होतं. तो कधी शिकारीला गेला नव्हता. ते नॅडीनने आणलं होतं, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, हरणं मारणाऱ्यांच्या दुकानातून, मोठ्यातलं मोठं. घालून बघ, ती म्हणाली होती. तो म्हणाला, हे काय, मी भोपळा दिसतोय. दिसू दे, ती म्हणाली, वरून मला तू दिसायला हवास. आणि त्याने ते घातलं होतं आणि उभा राहिला होता, इथे, हँगरच्या या कोपऱ्यापाशी, जिथे पहिल्या उड्डाणाला सगळे उभे राहतात, गळ्यात कॅमेरा, शेजारी मार्वा. विमान लहान होत टोकापलीकडे गेलं आणि आवाज तुटला. मनातल्या मनात तो म्हणाला होता, सरळ. मार्वाने त्याची बाही धरली होती. मग पंख कलला आणि नाक फिरू लागलं, फिरत फिरत इकडे आलं. त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वर्षभर रोज पाहत होता, की ती धावपट्टी शोधतेय, विमान वाचवायला. धावपट्टी इकडे होती, हे खरंच होतं. आणि इकडेच, धावपट्टीच्या बरोबर मागे, तोही होता, मैलभरावरून दिसेल अशा रंगात. समोरच्या शेतात कोणीच नव्हतं.

"सापडलं का?" हँगरमधून मार्वाने हाक मारली.

"हं," एल्डन म्हणाला. त्याने जाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ते त्याच्याने सोडवेना.